राखेखालचा निखारा आणि कचऱ्याची गाडी

जुन्या काळी आपल्या घरांतून रात्री चूल सर्वस्वी विझवीत नसत. निखारा राखेखाली झाकून ठेवीत आणि पहाटे राख बाजूला सारून त्यावर पुन्हा जाळ करीत. राख उष्णता बाहेर जाऊ देत नाही आणि हवा इतकी बेताची आत सोडते की, निखारा धगधगत नाही, पण मरतही नाही. महाड-पोलादपूरच्या डोंगरपट्टीत, कुडपणसारख्या गावी, हे शास्त्र कोणास शिकवावे लागत नाही. राब भाजणारा जाणता शेतकरी वरून थंड दिसणारी राख उकरून पाहिल्याखेरीज पाठ फिरवीत नाही. वारा सुटला की वणवा डोंगर चढतो, हे त्याने पाहिलेले असते. आज आम्हांस बोलावयाचे आहे ते या निखाऱ्याविषयीच. फरक एवढाच, की तो आता कचऱ्याच्या गाडीत जाऊन बसू लागला आहे.

पूर्वी घरचा केर म्हणजे शेण, राख आणि पालापाचोळा. तो गायरीत जाई आणि वर्षाने शेतात पसरला जाई. आज त्याच केरात प्लॅस्टिक, कागद, तेलाच्या चिंध्या, फवाऱ्याचे डबे, लायटर आणि मोबाइलच्या बॅटऱ्या असतात. गाडी कचरा दाबून बसविते, त्यामुळे जळण, हवा आणि ठिणगी यांची एकाच पेटीत गाठ पडते. ड्रायव्हर पुढे बसलेला. मागे धूर निघाल्याचे त्याला आरशात दिसेपर्यंत आतील आग बरीच वाढलेली असते.

बॅटरीचे प्रकरण थोडे सविस्तर सांगावयास हवे. बाजारात १९९१ साली आलेल्या लिथियम-आयन बॅटरीने जग बदलले आणि तिच्या जनकांस २०१९ चे नोबेल पारितोषिकही मिळाले. तिच्यातील दोन विद्युत्-ध्रुवांमध्ये प्लॅस्टिकचा एक पडदा असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे पन्नासाव्या भागाइतकी, म्हणजे केसाहूनही पातळ. बॅटरी चेपली, वाकली वा भोसकली गेली की पडदा फाटतो, दोन्ही ध्रुव भिडतात आणि उष्णता निर्माण होते. त्या उष्णतेने आतील रसायने विघटित होऊन आणखी उष्णता देतात. शिवाय त्या विघटनात थोडा प्राणवायूही आतल्या आतच सुटतो. त्यामुळे वरून माती टाकून हवा तोडली तरी ती चटकन विझत नाही, भरपूर पाणी ओतून तिला थंडच करावे लागते. खेळण्यातली, दाढीच्या यंत्रातली, इअरफोनमधली बॅटरी आपल्या डोळ्यांस दिसतही नाही, म्हणून ती सुक्या कचऱ्यात सहज जाते.

दुसरी गोष्ट विहिरीत टाकावयाच्या टीसीएल पावडरची. तेल लागलेल्या चिंध्यांच्या संगतीत ती तापून पेट घेऊ शकते आणि संडास धुण्याच्या ॲसिडशी मिसळली तर क्लोरीनचा विषारी वायू सोडते. उरलेली पावडर ग्रामपंचायतीकडे परत द्यावी. केराच्या पिशवीत तिला जागा नाही.

आग गाडीतच राहील असेही नाही. मुंबईस देवनारला १९२७ पासून कचरा पडत आला. जानेवारी २०१६ मध्ये तेथे लागलेली आग अनेक दिवस धुमसत राहिली. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि धुराचा लोट उपग्रहांच्या चित्रांतही उमटला. कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन वायू निघत असतो, तो जळतो. अशा ढिगाला एक जिवंत निखारा पुरतो.

मग घरात करावयाचे काय? चुलीची वा शेगडीची राख पत्र्याच्या घमेल्यात काढून पाण्याने भिजवावी आणि दोन दिवस अंगणात ठेवावी. बोटाला गार लागते एवढी परीक्षा पुरेशी नाही. दिवाळीचे उडालेले, न उडालेले फटाके रात्रभर बादलीत बुडवावेत. रंगकामातल्या जवसाच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून फेकू नयेत. ते तेल सुकताना उष्णता सोडते आणि बोळ्यात ती कोंडते. ओला पेंढा उडवीत रचला तर आतून तापतो, तसाच हा प्रकार. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात. बॅटरीच्या टोकांस चिकटपट्टी लावून ती वेगळ्या डब्यात ठेवावी. फुगलेली असल्यास खिळ्याने टोचून पाहण्याची हौस करू नये. २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचरा ओल्या-सुक्यापासून निराळा ठेवण्यास सांगितले, आणि २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करविण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. पण कुडपणहून दुकान दूर. तेव्हा शाळेत किंवा ग्रामपंचायतीत एक झाकणाचा डबा ठेवावा आणि तालुक्याला जाणाऱ्याने तो न्यावा, हा आम्हांस सोपा मार्ग वाटतो. पावसाळ्यात धबधबे पाहावयास येणाऱ्या पाहुण्यांनी आपल्या बॅटऱ्या आणि लायटर आपल्याबरोबरच परत नेलेले बरे.

गाडी पेटली तर ड्रायव्हर सपाट, मोकळी जागा गाठून कचरा खाली ओततो आणि अग्निशामक दलास बोलावतो. तसे केले तरच गाडी व माणूस वाचतात. घाटात एका अंगाला दरड आणि दुसऱ्या अंगाला दरी. तेथे ओतावयाचे कोठे, आणि बंब यावयाचा तो केव्हा?