अंतराचा अंदाज चुकतो तेव्हा : दोनशे वर्षांचा मागोवा

पाण्याच्या पेल्याकडे हात जातो, पण पेल्यापाशी थांबत नाही. पुढे जाऊन त्याला धक्का देतो. पुढच्या खेपेला अलीकडेच अडखळतो. हातात ताकद असते, पेलाही स्पष्ट दिसत असतो. चुकते ते हालचालीचे माप. हा डिसमेट्रिया. बहुतेक वेळा त्याचे मूळ लहान मेंदूच्या बिघाडात असते, आणि हे उमगायला पिढ्या लागल्या.

१८२४ मध्ये फ्रान्सच्या पिएर फ्लोरांस यांनी कबुतरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. लहान मेंदू काढला तरी पक्षी पंख हलवत, मात्र हालचालींतला मेळ जाई. पुढे पॅरिसमध्ये जोझेफ बाबिन्स्की यांनी रुग्ण तपासून या बिघाडाचे वेगवेगळे प्रकार ओळखले.

खरी उकल झाली पहिल्या महायुद्धात. डोक्याच्या मागच्या भागाला गोळी लागलेले सैनिक फ्रान्समधल्या लष्करी रुग्णालयांत येत. ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञ गॉर्डन होम्स त्यांना तपासत. लहान मेंदूच्या ज्या बाजूला इजा, त्याच बाजूचे हातपाय बिघडतात. त्यामुळे सैनिकाचा दुसरा, धडधाकट हात तुलनेला तयारच असे. नाकाला बोट लावायला सांगितले की बिघडलेला हात उशिरा निघे, नाकाकडे जाताना वाट चुके आणि नाक जवळ आले की अधिकच हेलकावे खाई. ही निरीक्षणे १९१७ मध्ये छापून आली. त्या जखमी जवानांचे ऋण आजही प्रत्येक रुग्णावर आहे. स्नायूंच्या विद्युत-नोंदींनी पुढे कारणही दाखवले : हालचालीला ब्रेक लावणारे स्नायू उशिरा जागे होतात.

विसाव्या शतकाच्या अखेरीस हालचालींचा मेळ बिघडवणाऱ्या आजारांची जनुके हाती लागली. १९९३ मध्ये एससीए-१ या आनुवंशिक आजाराचे, १९९६ मध्ये फ्रीडरिच अटॅक्सियाचे. उपचार मात्र रेंगाळले. नेटाने केलेल्या समन्वयाच्या व्यायामाने झिजत्या लहान मेंदूचे रुग्णही सुधारतात, हे २००९ मध्ये जर्मनीतल्या अभ्यासाने दाखवले. फ्रीडरिचसाठी पहिले औषध अमेरिकेत मंजूर झाले ते २०२३ मध्ये, तेही सोळा वर्षे व त्यापुढील रुग्णांसाठी.

एवढ्या वाटचालीनंतरही लहान मेंदूच्या बिघाडाने झोकांडी जाणाऱ्या माणसाला लोक दारुडा ठरवतात, याची चीड येते. नाकाला आणि तपासणाऱ्याच्या बोटाला आळीपाळीने बोट लावायला सांगणे, एवढी तपासणी कुठल्याही दवाखान्यात होते. तोल अचानक गेला असेल तर पक्षाघाताची शक्यता धरून माणसाला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यावे. हळूहळू जात असेल तर मेंदूविकारतज्ज्ञ गाठावा आणि फिजिओथेरपी लवकर सुरू करावी.