चाकांवरचे घर : हिशेब पाण्याचा आणि वजनाचा

अमेरिकेच्या रस्त्यांवर मोटारीच्या किंवा पिकअप ट्रकच्या मागे जोडलेले एक लांबट घर धावताना दिसते. त्याला दार असते, खिडक्या असतात. आत पलंग, शेगडी, फ्रिज, मोरी आणि संडासही असतो. नसते ते फक्त इंजिन! यालाच तेथे ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ म्हणतात. आपली काही मुले-मुली आज नोकरी-शिक्षणानिमित्त त्या देशात स्थायिक झाली आहेत. सुटीत असा ट्रेलर भाड्याने घ्यावा, जमल्यास एखादा जुना विकत घ्यावा, असा विचार त्यांच्याही घरात होतो. विकणारा पलंगाची गादी आणि स्वयंपाकाचा ओटा हौसेने दाखवतो. परंतु या घराचे आयुष्य ठरवणाऱ्या दोन गोष्टी बहुधा दाखवत नाही. पहिली, छतातून शिरणारे पाणी. आणि दुसरी, चाकांवर पडणारे वजन. या दोहोंचा हिशेब ज्याने ठेवला नाही त्याचे पैसे तर जातातच, प्रसंगी जीवही जातो.

हे घर आले कोठून?

मोटारगाडी सामान्य अमेरिकन माणसाच्या आवाक्यात आली तेव्हापासून तिच्या मागे तंबू-गाडी जोडण्याची हौस सुरू झाली. वॉली बायम या गृहस्थाने १९३१ साली ‘एअरस्ट्रीम’ ही कंपनी काढली. १९३६ साली तिचा ‘क्लिपर’ हा ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटने ठोकून बनवलेला, विमानासारखा गोलाकार ट्रेलर बाजारात आला. १९५९ साली बायम यांच्या पुढाकाराने ४१ ट्रेलरांचा तांडा दक्षिण आफ्रिकेतील केपटाउनहून इजिप्तमधील कैरोकडे निघाला होता. १९६९ साली चंद्रावरून परतलेल्या तीन अंतराळवीरांना काही दिवस सर्वांपासून अलग ठेवले गेले, तेही एअरस्ट्रीमचा ट्रेलर बदलून तयार केलेल्या खोलीतच! आज या धंद्याचे मोठे केंद्र इंडियाना राज्यातील एल्कहार्ट शहर व त्याचा परिसर हे आहे.

स्वतःचे अंथरूण, स्वतःची चूल

प्रवासात स्वतःचे अंथरूण आणि स्वतःची चूल बरोबर असण्याची किंमत कोणाला कळते? ज्याच्या तोंडावर दार बंद झाले आहे त्याला! ट्रेलरची हौस अमेरिकेत वाढत होती त्याच काळात तेथील कृष्णवर्णीयांना अनेक हॉटेलांत व खाणावळींत प्रवेश नव्हता. व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या टपाल कर्मचाऱ्याने १९३६ साली ‘ग्रीन बुक’ ही पुस्तिका काढली ती याचसाठी. कोणत्या गावी कोठे उतरता येईल, कोठे जेवता येईल, याची यादी तिच्यात असे. अनेक कुटुंबे शिदोरी आणि पांघरुणे बरोबर घेऊनच घराबाहेर पडत. परंतु बरोबर नेलेले बिछाने टाकायलाही जागा लागते, आणि तेथेही भेद होताच. व्हर्जिनियातील शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानात १९३९ साली कृष्णवर्णीयांसाठी ‘लुईस माउंटन’ हा वेगळा तळ उघडण्यात आला. ही विभागणी १९५० साली संपली. आज त्याच तळावर कोणीही मुक्काम करू शकतो. चाकांवरचे घर कोठेही नेता येते खरे. पण ते उभे करण्याचा हक्क माणसांनाच मिळवावा लागतो, हे विसरता येत नाही.

वजनाचा हिशेब

बैलगाडीत माल भरणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. मागे भार जास्त झाला की गाडी उलाळ होते, पुढे जास्त झाला की बैलांची मान मोडते. ट्रेलरचेही तसेच आहे. त्याच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या दांडीवर, म्हणजे मोटारीला जोडणाऱ्या गोळ्यावर पडला पाहिजे. भार यापेक्षा कमी झाला आणि सामान मागच्या टोकाला साठले, तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे झुलू लागतो आणि मोटारीलाही ओढून उलटवतो.

प्रत्येक ट्रेलरवर कमाल एकूण वजनाची पट्टी लावलेली असते. समजा ती मर्यादा ५,००० पौंड आहे आणि रिकामा ट्रेलर ४,००० पौंडांचा आहे. म्हणजे उरले १,००० पौंड. पाण्याची ४० गॅलनची टाकी भरली की सुमारे ३३० पौंड तेथेच गेले. राहिलेल्या ६७० पौंडांत बॅटरी, भांडी, कपडे, धान्य, खुर्च्या, मुलांच्या सायकली असे सारे बसवायचे असते. डोळ्यांनी हा अंदाज येत नाही. म्हणून भरलेला ट्रेलर एकदा तरी मालट्रकच्या वजनकाट्यावर न्यावा. आपली मोटार किती ओढू शकते हेही तिच्या पुस्तिकेत वाचावे. विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये.

ट्रेलर झुलू लागलाच तर घाबरून मोटारीचा ब्रेक दाबू नये. ॲक्सिलरेटरवरून पाय हलकेच काढावा, स्टिअरिंग सरळ धरावे आणि फक्त ट्रेलरचे ब्रेक लावणारा हातातील नियंत्रक हळूहळू दाबावा. निघण्यापूर्वी दोन्ही साखळ्या दांडीखाली फुलीसारख्या अडकवल्या आहेत ना, ट्रेलर निसटल्यास त्याचे ब्रेक आपोआप लावणारी बारीक तार मोटारीला जोडली आहे ना, हे रोज पाहावे. टायरची नक्षी शाबूत दिसली म्हणून टायर चांगला असे नाही. उभ्या ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. टायरवरील सांकेतिक क्रमांकाचे शेवटचे चार आकडे पाहावेत. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या २३व्या आठवड्यातला. पाच-सहा वर्षे झाली की तो बदलण्याच्या तयारीला लागावे.

पाण्याचा हिशेब

बहुतेक ट्रेलरांचा सांगाडा लाकडी पट्ट्यांचा असतो, वरून पातळ पत्रा किंवा फायबर ग्लास. छतावर वायुवीजनाची झडप, नळ्या, एसी यांसाठी भोके पाडलेली असतात. रस्त्यावर हे घर सतत हादरते आणि सांधे ढिले होतात. तेथून थेंब-थेंब पाणी शिरते, भिंतीच्या आत लाकूड कुजते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. डाग दिसेपर्यंत बराचसा नाश झालेला असतो.

यावर उपाय महाग नाही, नियमितपणाचा आहे. दर तीन महिन्यांनी छतावरचा प्रत्येक सांधा, खिडक्यांच्या कडा आणि चारही कोपऱ्यांच्या पट्ट्या तपासाव्यात. चीर दिसल्यास छताच्या प्रकाराला चालेल असाच लेप भरावा. घाईने साधे सिलिकॉन फासू नये, कारण त्यावर पुढे दुसरा लेप धरत नाही. रबरी छत असेल तर पेट्रोलयुक्त द्रावणाने पुसू नये.

थंडीत दुसराच धोका. नळ्यांतले पाणी गोठून फुगते आणि नळ्या फुटतात. म्हणून हिवाळ्यापूर्वी टाक्या व पाणी तापवण्याचे यंत्र रिकामे करून नळ्यांत खास गुलाबी रंगाचे, बिनविषारी द्रावण भरतात. मोटारीच्या इंजिनात घालतात ते द्रावण येथे कदापि घालू नये. ते विषारी असते.

ट्रेलरमध्ये बहुधा तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, दुसरी मोरीच्या सांडपाण्याची आणि तिसरी मैल्याची. मैल्याच्या टाकीची झडप कायम उघडी ठेवली तर पाणी वाहून जाते आणि घट्ट भाग आत साठून राहतो. म्हणून ती झडप बंद ठेवावी, पाणी भरपूर वापरावे आणि टाकी बरीच भरली की नेमून दिलेल्या जागीच ती रिकामी करावी. रस्त्याकडेला मैला सोडणे हा गुन्हा तर आहेच, पण तो साफ करणाऱ्या माणसाचा अपमानही आहे.

फेरबदल करताना

जुना ट्रेलर घेऊन तो आपल्या गरजेप्रमाणे बदलणे ही तेथील अनेकांची आवड आहे. कोणी जेवणाचे टेबल काढून मुलांच्या अभ्यासाची जागा करतो, कोणी वरच्या बिछान्याच्या जागी कपाट बसवतो. परंतु पातळ भिंतीत कोठेही स्क्रू मारून चालत नाही. आतली लाकडी पट्टी शोधूनच मारावा लागतो. संकटकाळी बाहेर पडायची खिडकी कपाटाने झाकली जाता कामा नये. आणि प्रत्येक नवी वस्तू वजनाच्या वहीत चढलीच पाहिजे.

काही बदल वजन घटवतातही. १०० अँपिअर-तासाची जुन्या पद्धतीची शिशाची बॅटरी साधारण ६० पौंडांची असते, आणि ती टिकावी म्हणून तिची निम्मीच वीज वापरतात. तेवढ्याच क्षमतेची लिथियम लोह फॉस्फेटची बॅटरी तिच्या निम्म्या वजनात येते आणि जवळजवळ सगळी वीज देते. मात्र जुना चार्जर तिला चालतो का, हे आधी जाणकाराकडून तपासून घ्यावे. गॅसच्या जोडणीत स्वतः कारागिरी करू नये. साबणाचे पाणी लावून गळती पाहावी. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी यंत्रे जुनी झाली की बदलावीत.

आतल्या हवेचा विचारही हवा. २००५ सालच्या कॅटरिना वादळानंतर बेघर झालेल्या हजारो कुटुंबांना अमेरिकन सरकारने ट्रेलर दिले. डोळे चुरचुरणे, श्वासाचा त्रास अशा तक्रारी येऊ लागल्या. सरकारी आरोग्य संस्थेने ५१९ ट्रेलर व फिरती घरे तपासून २००८ साली निष्कर्ष जाहीर केले. दाबून बनवलेल्या लाकडी फळ्यांतून निघणाऱ्या फॉर्मल्डिहाइड वायूचे प्रमाण सरासरी एक अब्ज भागांत ७७ भाग इतके, म्हणजे नेहमीच्या घरांपेक्षा जास्त आढळले. पुढे २०१० साली अशा फळ्यांसाठी कायदा झाला. ज्यांना दुसरे घर नव्हते त्यांच्याच वाट्याला ही हवा आली होती! नव्या फळ्यांनी घर सजवणाऱ्याने हे लक्षात ठेवावे आणि खिडक्या भरपूर उघड्या ठेवाव्यात.

घेण्यापूर्वी

ट्रेलर ही जमिनीसारखी किंमत वाढणारी मालमत्ता नव्हे. पहिल्या दिवसापासून तिची किंमत उतरते. म्हणून आधी आठवडाभर भाड्याने घेऊन पाहावे. जुना घेताना शक्यतो पाऊस पडून गेल्यावर पाहायला जावे. कोपऱ्यातली जमीन पायाने दाबून बघावी. मऊ लागली तर खाली लाकूड कुजले आहे असे समजावे. कपाटांच्या आत नाक घालून कुबट वास येतो का पाहावे. भिंतीचा फायबर ग्लास फुगलेला दिसला तर सौदा सोडून द्यावा. तेथील काही वृद्ध माणसे घरभाडे परवडत नाही म्हणून वर्षभर ट्रेलरातच राहतात. त्यांच्याविषयी जेसिका ब्रुडर यांचे ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक २०१७ साली आले व त्यावर चित्रपटही निघाला. हौशी माणसाचे छत गळले तर त्याची सुटी बुडते. या माणसांचे गळले तर त्यांचे घरच जाते.

ही सारी माहिती घरातल्या एकट्या पुरुषापाशी ठेवू नये. गॅसचा नळ कोठे बंद होतो, झुलणारा ट्रेलर कसा आवरायचा, साखळ्या कशा अडकवायच्या, हे पत्नीला आणि जाणत्या मुलामुलींनाही आले पाहिजे. एक साधी वही करावी. एका पानावर छत व सांधे तपासल्याची तारीख, दुसऱ्या पानावर वजनकाट्यावरचा आकडा आणि टायरचे वय. ती वही गादीखाली नव्हे, दाराजवळ खिळ्याला टांगावी आणि निघण्यापूर्वी घरातल्या कोणीतरी एकाने ती मोठ्याने वाचावी.