संगणकीय सेवा : आरंभापासून निवृत्तीपर्यंत

कार्यालयातील ईमेल, दरमहा पगारपत्रक तयार करणारी प्रणाली, बँकेच्या ग्राहकाला मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सोय किंवा रुग्णालयातील बाह्यरुग्ण नोंदणी यांना माहिती-तंत्रज्ञानाच्या व्यवस्थापनशास्त्रात ‘सेवा’ म्हणतात. कारण वापरणाऱ्याला त्यामागच्या सर्व्हरशी किंवा आज्ञावलीशी कर्तव्य नसते, आपले काम वेळेवर व बिनचूक व्हावे एवढीच त्याची अपेक्षा असते. यंत्राची खरेदी एका व्यवहारात पुरी होते, परंतु सेवा वर्षानुवर्षे चालवावी लागते, कायदे आणि गरजा बदलतील तसे तिच्यात फेरफार करावे लागतात आणि केव्हातरी ती बंदही करावी लागते. कल्पना मांडली जाते तेव्हापासून सेवा पूर्णपणे काढून टाकेपर्यंत कोणत्या टप्प्यावर कोणी काय करायचे, हे आधीच ठरवून ते पाळणे म्हणजे सेवेच्या जीवनचक्राचे व्यवस्थापन होय.

या विचाराला पद्धतशीर रूप मिळाले ते १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये. तेथील सरकारच्या ‘सेंट्रल कम्प्युटर अँड टेलिकम्युनिकेशन्स एजन्सी’ने संगणकीय कामकाजातील चांगल्या पद्धतींचे संकलन सुरू केले आणि ते ‘आयटिल’ या संक्षिप्त नावाने जगभर पसरले. २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याची मांडणी पाच टप्प्यांत झाली : सेवा हवी की नको हे ठरवणारे धोरण, तिची आखणी, ती चाचणीतून प्रत्यक्ष वापरात आणणारे संक्रमण, दैनंदिन संचालन आणि सतत चालणारी सुधारणा. २०१९ च्या चौथ्या आवृत्तीने ही चौकट बदलली असली, तरी सेवेचा प्रवास समजून घेण्यासाठी ती आजही उपयुक्त आहे. मात्र या पाच टप्प्यांत निवृत्तीला स्वतंत्र स्थान नव्हते. सेवा बंद करणे हा संक्रमणाचाच एक भाग मानला गेला होता. प्रत्यक्ष व्यवहारात हाच भाग सर्वाधिक दुर्लक्षित राहतो आणि त्याची किंमत किती मोठी असू शकते, हे अमेरिकेतील ‘नाइट कॅपिटल’ या शेअर बाजारातील बड्या कंपनीच्या उदाहरणावरून दिसते.

न्यूयॉर्क शेअर बाजाराची किरकोळ गुंतवणूकदारांसाठीची एक नवी योजना १ ऑगस्ट २०१२ रोजी सुरू होणार होती आणि तीत भाग घेण्यासाठी कंपनीने बाजारात ऑर्डर पाठवणाऱ्या आपल्या प्रणालीत नवी आज्ञावली बसवली. त्याच प्रणालीत ‘पॉवर पेग’ नावाची एक जुनी सुविधा होती. तिचा वापर २००३ मध्येच थांबला होता, पण आज्ञावली काढून टाकलेली नव्हती. मूळ ऑर्डरइतके शेअर पुरे झाले की थांबण्याची सूचना देणारा मोजणीचा भाग २००५ मध्ये प्रणालीत दुसरीकडे हलवण्यात आला, तेव्हा पॉवर पेगची पुन्हा चाचणी घेतली गेली नाही. पुढे नव्या आज्ञावलीसाठी जो संकेत निवडला गेला, तो नेमका पूर्वी पॉवर पेग सुरू करणारा संकेत होता. आठ सर्व्हरपैकी सातांवर नवी आज्ञावली बसली, आठव्यावर ती बसवायची राहून गेली आणि दुसऱ्या तंत्रज्ञाने हे काम तपासावे असा लेखी नियम कंपनीत नव्हता.

बाजार उघडताच आठव्या सर्व्हरवर नऊ वर्षे निद्रिस्त असलेली ती सुविधा जागी झाली आणि ऑर्डर पुऱ्या झाल्याचे भान नसल्याने खरेदी-विक्री करतच राहिली. सुमारे ४५ मिनिटांत १५४ कंपन्यांच्या ३९.७ कोटींहून अधिक शेअरचे सुमारे ४० लाख सौदे झाले आणि कंपनीला ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. बाजार उघडण्यापूर्वीच प्रणालीने कर्मचाऱ्यांना दोषाचा उल्लेख असलेले ९७ ईमेल पाठवले होते. पण ते धोक्याचे इशारे म्हणून पाहण्याची व्यवस्था नसल्याने त्यांवर कृती झाली नाही. गोंधळ निस्तरताना उरलेल्या सात सर्व्हरवरून नवी आज्ञावली काढली गेली, त्यामुळे तेथेही पॉवर पेग सुरू होऊन हानी वाढली. अमेरिकेच्या रोखे बाजार नियामकाने ऑक्टोबर २०१३ मध्ये कंपनीला १ कोटी २० लाख डॉलर दंड केला; त्याआधीच ती ‘गेटको’ या कंपनीत विलीन झाली होती.

या घटनेचा दोष सर्व्हर विसरणाऱ्या तंत्रज्ञावर टाकणे सोपे असले, तरी ते अन्यायाचे आहे. माणसाच्या हातून एखादी गोष्ट राहणारच, हे गृहीत धरूनच संक्रमणाची पडताळणी आखायची असते. आणि पॉवर पेग २००३ मध्येच पूर्णपणे काढले गेले असते, तर विसरलेल्या सर्व्हरवर जागे होण्यासारखे काही उरलेच नसते.

संस्था निवृत्ती टाळतात याची कारणे उघड आहेत. नवी सेवा सुरू करणाऱ्याचे कौतुक होते आणि त्यासाठी निधी मिळतो. जुनी काढून टाकणाऱ्याच्या वाट्याला यांपैकी काही येत नाही. शिवाय ती सेवा अजून कोण वापरते, हे कोणालाच खात्रीने सांगता येत नसल्याने हात लावण्याची भीती वाटते. या भीतीवर उपाय म्हणजे कोणती सेवा कोणत्या सर्व्हरवर, कोणत्या माहितीवर आणि कोणत्या दुसऱ्या सेवेवर अवलंबून आहे याची अद्ययावत नोंदवही. ती असेल, तर सेवा टप्प्याटप्प्याने बंद करता येते : आधी नवी नोंद करणे थांबवून केवळ जुन्या नोंदी पाहण्याची मुभा ठेवायची, कायद्याने जपावी लागणारी माहिती सुरक्षित हलवायची, खाती व परवाने रद्द करायचे आणि अखेरीस आज्ञावली काढून टाकायची.

भारतातही हा प्रश्न उभा राहिला आहे. मायक्रोसॉफ्टने आधीच जाहीर केल्याप्रमाणे ८ एप्रिल २०१४ रोजी ‘विंडोज एक्सपी’चा आधार काढून घेतला, तरी अनेक एटीएम यंत्रे त्यानंतरही त्याच प्रणालीवर चालत राहिली. अखेर जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना अशी यंत्रे अद्ययावत करण्यासाठी टप्पे ठरवून दिले आणि जून २०१९ ही शेवटची मुदत घातली. बँका, रुग्णालये, विद्यापीठे आणि शासकीय कार्यालये यांनी नियामकाच्या आदेशाची वाट न पाहता, प्रत्येक नव्या सेवेच्या मंजुरीपत्रातच तिचा जबाबदार अधिकारी, फेरआढाव्याची तारीख आणि बंद करण्याची पद्धत लिहून ठेवावी.