पिवळी बाटली आणि चोवीस तास

मेंदूतल्या लिम्फोमाची केमो पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, इथे औषधापेक्षा लघवीचीच चर्चा जास्त. सिस्टर भांड्यातल्या लघवीत कागदाची पट्टी बुडवतात, तिचा रंग डबीवरच्या रंगांशी ताडून पाहतात. पीएच ७ च्या वर असेल तरच पिवळ्याजर्द मेथोट्रेक्सेटची बाटली लागते.

एवढा खटाटोप कशासाठी? मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. रक्तातली बरीचशी औषधं त्या आत येऊच देत नाहीत. अंगात इतरत्र होणाऱ्या लिम्फोमावर चालणारी नेहमीची केमो म्हणूनच इथे दारात अडते. यावरचा उपाय तसा दांडगाईचाच. डोस इतका वाढवायचा, की त्यातला थोडा तरी आत शिरेल. संधिवाताचे रुग्ण हेच औषध आठवड्याला काही मिलिग्रॅम घेतात. इथे शरीराच्या दर चौरस मीटरला साधारण साडेतीन ग्रॅम, तेही काही तासांत.

एवढं औषध तसंच अंगात राहू दिलं तर जिवावर बेतेल. मेथोट्रेक्सेट हा फोलेटचा तोतया. डीएनए बनवायला फोलेट लागतं आणि हा तोतया ते काम बंद पाडतो, गाठीत तसंच अस्थिमज्जेत आणि तोंडाच्या अस्तरातही. म्हणून साधारण चोवीस तासांनी ल्युकोव्होरिन सुरू करतात. ते तयार फोलेटच. बाकीच्या शरीराची त्याने सुटका होते. लघवी आम्लधर्मी राहिली तर औषधाचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात, म्हणून सोडा बायकार्ब, म्हणून सलाईनवर सलाईन. डोकं दुखतंय म्हणून आयबुप्रोफेनची गोळी गुपचूप घेणं इथे महागात पडू शकतं, कारण मेथोट्रेक्सेटचा निचरा मंदावतो.

या फोलेटचा माग मुंबईपर्यंत जातो, हे थोडं विषयांतर. लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये तिथे आल्या. गिरणीकामगार गरोदर बायकांचा रक्तक्षय मार्माइटने, म्हणजे यीस्टच्या अर्काने, बरा होतो असं त्यांनी दाखवलं. त्यातला गुणकारी घटक पुढे फोलेट ठरला.

काही फेऱ्यांनंतर एमआरआयवर गाठ दिसेनाशी झाली, की घरचे सुस्कारा सोडतात. मात्र किती वर्षं मिळणार आणि कशी, हे बरंचसं पुढच्या टप्प्यावर ठरतं. केमोनंतर सगळ्या मेंदूला रेडिएशन दिलेल्या अनेकांना, विशेषतः साठीपुढच्यांना, काही वर्षांनी विस्मरण, अडखळती चाल आणि लघवीवरचा ताबा सुटणं असे त्रास गाठतात. त्यामुळे ज्यांना झेपेल त्यांना आता त्याऐवजी तीव्र केमो देऊन स्वतःच्याच मूळपेशी परत चढवतात.

युरोपात २१९ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत मेथोट्रेक्सेट आणि सायटाराबिन घेतलेल्यांपैकी सात वर्षांनी २१ टक्के हयात होते. रिटुक्सिमॅब जोडल्यावर ३७ आणि थायोटेपाही दिल्यावर ५६ टक्के. हे सगळे सत्तरीच्या आतले आणि त्यातल्या त्यात धडधाकट, एवढं ध्यानात ठेवावं.

पाच वर्षांनंतरही हा आजार उलटू शकतो, म्हणून तपासण्या सुटत नाहीत. मला विचाराल तर एमआरआयच्या पाकिटाबरोबर घरच्यांनी एक छोटी वहीही न्यावी: दुधाचा हिशेब जमतो का, ओळखीचा रस्ता चुकतो का, गोळी घेतल्याचं आठवतं का. एमआरआय स्वच्छ असतानाही या वहीतली उत्तरं बदलू शकतात.