काळ्या खिडकीचा पत्ता

विंडोज १० असलेल्या संगणकावर एक साधा प्रयोग करून पाहा. स्टार्ट मेन्यूतून कमांड प्रॉम्प्ट उघडा, शीर्षपट्टीवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये जा, अक्षरं मोठी करा, पार्श्वभूमीला गडद निळा रंग द्या आणि ‘ओके’ दाबा. ती खिडकी बंद करा. आता फाइल एक्सप्लोररमध्ये एखादा फोल्डर उघडून वरच्या पत्त्याच्या चौकटीत ‘सीएमडी’ ही तीन रोमन अक्षरं टाइप करा आणि एंटर दाबा. कमांड प्रॉम्प्ट थेट त्या फोल्डरमध्ये उघडतो खरा, पण अक्षरं पुन्हा बारीक आणि पार्श्वभूमी पुन्हा काळी. प्रोग्राम तोच, वापरणारा माणूसही तोच. मग केलेले बदल गेले कुठे?

ते पुसले गेलेले नाहीत. विंडोजने ते जपून ठेवले आहेत, पण प्रोग्रामच्या नावावर नाही, तर तो ज्या वाटेने उघडला त्या वाटेच्या नावावर. ही गोष्ट समजली की बाकीचं कोडं आपोआप सुटतं. आणि ती समजून घ्यायलाच हवी. प्रोग्राम तपासणारे अभियांत्रिकीचे विद्यार्थी, सर्व्हर सांभाळणारी मंडळी, प्रयोगशाळेतल्या मापनांच्या शेकडो फाइली हाताळणारे संशोधक दिवसातून कितीदा तरी फाइल मॅनेजरमधून ही खिडकी उघडतात. चाळिशीचा चष्मा लागलेल्या माणसाने दिवसभर बारीक ठोकळेबाज अक्षरं वाचत बसणं हा डोळ्यांचा छळ आहे, आणि तो टाळणं त्याच्या स्वतःच्या हातात आहे.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. ती काळी खिडकी सीएमडीची नसतेच. सीएमडी हा आज्ञा वाचून पार पाडणारा प्रोग्राम. खिडकी काढणं, अक्षरं उमटवणं, कळफलक आणि माउस सांभाळणं हे काम ‘कन्सोल होस्ट’ नावाचा दुसराच प्रोग्राम करतो. २००९ साली विंडोज ७ बरोबर तो वेगळा झाला. त्याआधी हे काम विंडोजच्या गाभ्याजवळच्या एका महत्त्वाच्या प्रक्रियेकडे होतं. पॉवरशेल किंवा पायथन उघडलं तरी खिडकी हाच होस्ट पुरवतो. त्यामुळे रंग, फाँट आणि आकार सीएमडीला विचारून काही उपयोग नाही.

हा होस्ट खिडकी उघडताना आपल्या सेटिंग्ज क्रमाने गोळा करतो. सुरुवात स्वतःच्या पोटातल्या मूळ सेटिंग्जपासून. त्यावर रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतल्या, ‘करंट यूजर’ शाखेतल्या ‘कन्सोल’ या कप्प्यातली माहिती चढते. मग त्याच कप्प्याच्या आत या विशिष्ट खिडकीच्या नावाचा उपकप्पा असेल तर त्यातली. प्रोग्राम शॉर्टकटवरून उघडला असेल आणि त्या शॉर्टकटच्या फाइलमध्ये कन्सोलच्या सेटिंग्ज साठवलेल्या असतील, तर त्या वरचढ ठरतात. शेवटचा शब्द मात्र ज्या प्रोग्रामने ही खिडकी उघडायला सांगितली त्याचा. त्याने रुंदी किंवा रंग स्पष्ट सांगितला असेल तर तोच चालतो. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने कन्सोलचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला केला, त्यामुळे हा क्रम आता कुणालाही वाचून पडताळता येतो.

प्रयोगात काय झालं ते आता दिसेल. स्टार्ट मेन्यूतली नोंद हा एक शॉर्टकट आहे, आणि आपण केलेले बदल त्या शॉर्टकटच्या फाइलीतच लिहिले गेले. एक्सप्लोररच्या पत्त्याच्या चौकटीतून आलो तेव्हा शॉर्टकट मध्ये नव्हताच. मग होस्टने खिडकीचं शीर्षक पाहिलं. ते होतं सीएमडीच्या फाइलीचा पूर्ण पत्ता. रजिस्ट्रीत उपकप्प्याचं नाव या पत्त्यावरूनच बनतं: विंडोजच्या फोल्डरऐवजी टक्केचिन्हांत ‘सिस्टिमरूट’ आणि प्रत्येक तिरप्या रेघेच्या जागी अंडरस्कोअर. बाळकृष्णाला घरचे बाळू म्हणतात, शाळेच्या हजेरीपटावर पूर्ण नाव असतं. हजेरीपटात ‘बाळू’ शोधला तर सापडणार नाही, तसंच हे. या पूर्ण पत्त्याच्या नावाचा उपकप्पा अजून नव्हता, म्हणून खिडकी मूळ रूपात आली.

फाइल मॅनेजर बदलला की आणखी गमती घडतात. टोटल कमांडरसारखा दोन पट्ट्यांचा फाइल मॅनेजर वापरणारे पुष्कळ लोक त्याची ३२ बिटी आवृत्ती ६४ बिटी विंडोजवर चालवतात. अशा प्रोग्रामने ‘सिस्टिम ३२’ फोल्डरमधला सीएमडी मागितला, तर विंडोज त्याला परस्पर ३२ बिटी प्रत असलेल्या दुसऱ्या फोल्डरकडे वळवतं. शीर्षकात तो दुसरा पत्ता उतरला की उपकप्पाही दुसरा. काही फाइल मॅनेजर खिडकीला स्वतःचं शीर्षक देतात. तिथे तिसराच उपकप्पा. ‘फार मॅनेजर’ या फाइल मॅनेजरची गोष्ट निराळी, कारण तो स्वतःच कन्सोलमध्ये चालतो. तिथून दिलेली साधी आज्ञा फारच्याच खिडकीत, फारच्याच फाँटमध्ये पार पडते.

‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ केल्यावर तर माणसं अगदी गोंधळून जातात. फोल्डर सुटतो आणि प्रॉम्प्ट ‘सिस्टिम ३२’मध्ये उघडतो, हे बहुतेकांनी पाहिलेलं असतं. पण कार्यालयात आपल्या खात्याला अधिकार नसल्यामुळे दुसऱ्या खात्याचा पासवर्ड दिला जातो, तेव्हा ‘करंट यूजर’ म्हणजे तो दुसरा माणूस. सेटिंग्जही त्याच्याच.

यावर उपाय सोपा आहे, फक्त योग्य जागी करायला हवा. ज्या वाटेने रोज जाता त्याच वाटेने, म्हणजे आपल्या फाइल मॅनेजरमधूनच, खिडकी उघडा आणि तिथे ‘प्रॉपर्टीज’ बदला. बदल त्या वाटेच्या उपकप्प्यात जाऊन बसतील. सगळ्याच वाटांना एक रूप द्यायचं असेल तर त्याच मेन्यूतलं ‘डीफॉल्ट्स’ वापरा. मात्र एखाद्या खिडकीला पूर्वी स्वतंत्र उपकप्पा मिळालेला असेल, तर ‘डीफॉल्ट्स’ बदलूनही ती ढिम्म हलत नाही. अशा वेळी रजिस्ट्री एडिटरमध्ये जाऊन तेवढा उपकप्पा काढून टाकावा, त्याआधी त्याची प्रत ठेवावी.

रजिस्ट्री उघडली की खिडकीचा आकार एकाच ३२ बिटी संख्येत लिहिलेला दिसतो: वरच्या १६ बिटांत ओळी, खालच्या १६ बिटांत स्तंभ. जुन्या विंडोजमध्ये तिथे २५ ओळी आणि ८० स्तंभ असत. १९८१ च्या आयबीएम पीसीचा मजकुराचा पडदा एवढाच होता, आणि ८० हा आकडा त्याहून जुना, १९२८ मध्ये आयबीएमने आणलेल्या ८० स्तंभांच्या छिद्रपत्रिकेवरचा. विंडोज १० ने खिडकीचा आकार १२० स्तंभ आणि ३० ओळींवर नेला, आणि मागे सरकवून पाहता येणाऱ्या ओळी ३०० वरून थेट ९००१ केल्या. सेटिंग्जमधल्या तक्त्यातले रंग मात्र १६ चे १६ राहिले. पॉवरशेलची ती प्रसिद्ध निळी पार्श्वभूमी म्हणजे खरं तर या सोळांतला गडद किरमिजी रंग आहे, फक्त पॉवरशेलच्या उपकप्प्यात त्या रंगाची व्याख्या बदलून तिथे निळा भरलेला असतो. त्यामुळे तिथे एखाद्या प्रोग्रामने किरमिजी अक्षरं छापली तर ती पार्श्वभूमीत विरून जातात.

दिसण्याइतकंच वागणंही बदलता येतं. सीएमडीसाठी रजिस्ट्रीत ‘ऑटोरन’ नावाची एक जागा आहे. तिथली आज्ञा प्रत्येक सीएमडी सुरू होताना चालते. रंग किंवा प्रॉम्प्टचं रूप ठरवायला ती उत्तम. पण अनेक जण तिथे आपल्या आवडत्या फोल्डरमध्ये जाण्याची आज्ञा लिहितात, आणि मग फाइल मॅनेजरमधून कुठूनही उघडलं तरी खिडकी त्याच एका फोल्डरमध्ये जाऊन उभी राहते. पडद्याआड सीएमडी वापरणाऱ्या स्क्रिप्टही त्यामुळे कोसळतात. हे कधीही करू नये. आपल्याला न विचारता तिथे काही लिहिलेलं आढळलं तर जरूर चौकशी करावी, कारण घातक प्रोग्रामही या जागेचा फायदा घेतात. संशय असेल तर सीएमडीला ‘डी’ हा स्विच देऊन सुरू करावं, म्हणजे ऑटोरन वगळला जातो.

‘क्विक एडिट’कडेही लक्ष द्यायला हवं. ते सुरू असताना खिडकीत माउसने नुसतं क्लिक केलं तरी मजकुराची निवड सुरू होते, आणि निवड चालू असेपर्यंत प्रोग्रामचं छापणं अडून राहतं. रात्रभर चालायला लावलेलं काम अशा एका क्लिकने थांबून पडतं आणि सकाळी सगळ्यांना वाटतं की संगणक गोठला. शीर्षकाच्या सुरुवातीला ‘सिलेक्ट’ हा शब्द दिसला तर एस्केप दाबावं. काम पुढे सुरू होतं. लांबलचक कामं ज्या वाटेने सुरू करता त्या वाटेवर हे सेटिंग बंदच ठेवलेलं बरं.

२०२२ च्या अखेरीपासून विंडोज ११ मध्ये ही खिडकी आपसूक ‘विंडोज टर्मिनल’कडे सोपवली जाते. तिथे रजिस्ट्रीतले हे कप्पे लागू होत नाहीत. रूप ठरतं ते टर्मिनलच्या स्वतःच्या सेटिंग्जच्या फाइलीतल्या प्रोफाइलवरून. मराठी नावांच्या फाइली बाळगणाऱ्यांनी हा बदल आनंदाने स्वीकारावा असं मला वाटतं. जुन्या कन्सोलच्या फाँटमध्ये देवनागरी नव्हतीच, आणि प्रत्येक चिन्हाला एक चौकोन देण्याच्या त्याच्या पद्धतीत ‘क्ष’मधले क, हलन्त आणि ष वेगवेगळ्या घरांत जाऊन बसत. टर्मिनल देवनागरीसाठी दुसरा फाँट शोधून काढतं, आणि अलीकडच्या आवृत्त्या जोडाक्षर एकत्र धरायला शिकल्या आहेत.

जुन्याच खिडकीत काम करावं लागत असेल तरी घाबरण्याचं कारण नाही. चौकोन दिसले तरी डिस्कवरचं नाव शाबूत असतं, टॅब दाबून ते पूर्ण करता येतं, आणि ट्रूटाइप फाँट निवडलेला असेल तर ते चौकोन कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवल्यावर स्वच्छ मराठी उमटतं. जपायला हवं ते फोल्डरची यादी फाइलमध्ये वळवताना. जुन्या अमेरिकी कोडपेजमध्ये, म्हणजे अक्षरांच्या क्रमांकांच्या तक्त्यात, देवनागरीला जागाच नाही, म्हणून त्या फाइलमध्ये अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं लिहिली जातात आणि ती परत फिरवता येत नाहीत. म्हणून यादी वळवण्याआधी ‘सीएचसीपी ६५००१’ ही आज्ञा द्यावी, किंवा सीएमडी ‘यू’ या स्विचसह उघडावा.