जोडणी आहे, वेग नाही
बीगलबोन ब्लॅक हा लिनक्सवर चालणारा चिमुकला संगणक यूएसबीनं पीसीला जोडला, की ती केबलच नेटवर्कचं काम करते. बोर्डाचा पत्ता सहसा १९२.१६८.७.२. पण फाइल कधी कधी रांगतच सरकते. पीसीवरही लिनक्स असेल, तर आधी त्याच्या कर्नलचा लॉग वाचा; त्यात जोडणीचा वेग नावानं दिसतो. ‘हाय-स्पीड’ म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिट, ‘फुल-स्पीड’ म्हणजे अवघे १२! नावावर जाऊ नका. ‘फुल-स्पीड’ दिसलं, तर केबल आणि हब बदलून पाहा. ४८० असूनही रखडत असेल, तर फाइल पाठवणाऱ्या एससीपीऐवजी निव्वळ नेटवर्क मोजणाऱ्या आयपर्फनं वेग मोजा. एससीपीच्या कूटबद्धीकरणात बोर्डाचा एकुलता प्रोसेसर कोअर दमतो आणि बोल बिचाऱ्या केबलला लागतो. उरला यूएसबीवरून नेटवर्क चालवणारा ड्रायव्हर. जुनी ईसीएम पद्धत एका यूएसबी फेरीत एकच इथरनेट फ्रेम नेते. एनसीएम अनेक फ्रेम एकत्र बांधून पाठवते. दोन्हीकडच्या कर्नलमध्ये सोय असेल, तर एनसीएमच घ्यावी.