हैदराबाद पाहावे, पण पायी आणि आधी आराखडा करून

चाकूर भागातून हैदराबादला जाणे आपल्याला नवे नाही. कोणी दवाखान्यासाठी जाते, कोणी लग्नाच्या बस्त्यासाठी, कोणी मुलाला नोकरी लागली म्हणून. लातूर रोडला गाडीत बसले की उदगीर, बीदर, विकाराबाद करीत गाडी तिथे पोहोचते. पण जाऊन आलेल्याला विचारा, काय पाहिले? चारमिनार, बांगड्या आणि बिर्याणी, एवढेच उत्तर मिळते.

माझेही तसेच झाले होते. काही वर्षांपूर्वी भाड्याची जीप करून घरच्यांना नेले. ड्रायव्हरने एका दिवसात नऊ ठिकाणे दाखवली. परतताना वडील म्हणाले, "हैदराबाद पाह्यलं खरं, पण आपलं काय व्हतं तिथं, ते काही कळलं नाही."

त्यांचे खरे होते. १९५६ पर्यंत हैदराबाद ही आपली राजधानी होती. आपल्या भागातले उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात, म्हणजे हैदराबाद राज्यातच होते. त्या काळात शाळकरी असलेली माणसे आता नव्वदीच्या घरात आली आहेत. ती आहेत तोवर त्यांच्यासोबत, निदान त्यांना विचारून, हे शहर पाहून घ्यावे. पुढच्या खेपेला मी तसाच बेत केला. तो इथे सांगतो.

घरची तयारी

पेरणीआधी आपण बियाणे, खत, मजूर यांचा हिशेब मांडतो. सहलीचाही तसाच मांडावा. रब्बीची पेरणी उरकल्यावर आणि हरभरा काढणीला येण्याआधीचे दिवस उत्तम. ऊन सोसवते. शुक्रवार मात्र टाळावा. त्या दिवशी चौमहल्ला राजवाडा व सालारजंग संग्रहालय बंद असते आणि मक्का मशिदीत नमाजाची गर्दी असते.

निघण्याआधी दोन संध्याकाळी घरातल्या वडीलधाऱ्यांना बसवून विचारावे. सारा कोण वसूल करी? शाळा कोणत्या भाषेत होती? रझाकारांच्या वेळी घरचे कुठे गेले? मुलांना ते वहीत लिहू द्यावे. पेटीत जुना उर्दू कागद असेल तर त्याची झेरॉक्स सोबत घ्यावी. मूळ कागद घरीच ठेवावा.

सकाळ: मुसीच्या दक्षिणेला

सुरुवात चारमिनारपासून करावी. मुहम्मद कुली कुतुबशहाने १५९१ मध्ये तो बांधला. शेजारच्या मक्का मशिदीचे काम १६१७ मध्ये सुरू झाले आणि १६९४ मध्ये औरंगजेबाच्या काळात पुरे झाले. अंगणाच्या कडेला निजाम घराण्यातील कबरी आहेत.

तिथून चालत चौमहल्ल्याला जावे. निजामाचा दरबार इथे भरे. मोठ्या दालनातली झुंबरे पाहून वडील बराच वेळ गप्प होते. मग एवढेच म्हणाले, "आपला सारा इथं येत व्हता म्हणायचं!"

आल्या वाटेने लाडबाजारातून परत चारमिनारला यावे. खरेदी संध्याकाळवर ठेवावी, नाहीतर सहल तिथेच संपते! मग चार कमानींतून पत्थरगट्टीच्या रस्त्याने नदीकडे निघावे. या बाजूला उर्दू पुस्तकांची दुकाने आहेत. एका म्हाताऱ्या दुकानदाराला मी आमची झेरॉक्स दाखवली. चष्मा पुसून त्यांनी ती मोठ्याने वाचली. फसली सन, सर्वे नंबर आणि माझ्या आजोबांचे नाव. तीन पिढ्या तो कागद आमच्या पेटीत होता आणि घरात कोणालाच वाचता येत नव्हता. वडिलांनी त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी पैसे घेतले नाहीत, चहा मात्र पाजला.

दुपार: नदीकाठी

सालारजंग संग्रहालय नदीकाठीच आहे. सगळे पाहायला दोन दिवस पुरणार नाहीत. तासाचे टोल देणारे घड्याळ आणि हत्यारांचे दालन पाहावे व थोडे बसून घ्यावे. स्वच्छतागृहाची सोय इथे आहे, बायाबापड्यांसाठी ते महत्त्वाचे. हा संग्रह ज्या घराण्याचा, त्यातले पहिले सालारजंग १८५३ ते १८८३ निजामाचे दिवाण होते. १८६५ मध्ये त्यांनी जिल्हाबंदी केली. आज आपण ज्या तहसीलीत खेटे घालतो, त्या कारभाराची घडी तेव्हा बसली.

नया पुलावर थांबून मुलांना २८ सप्टेंबर १९०८ ची गोष्ट सांगावी. त्या दिवशी मुसीला महापूर आला आणि हजारो माणसे गेली. पलीकडे उस्मानिया दवाखान्याच्या आवारात चिंचेचे झाड आहे. त्यावर चढून सुमारे दीडशे लोक वाचले असे सांगतात. या पुरानंतर विश्वेश्वरय्यांना बोलावण्यात आले. पूर अडवण्यासाठी आणि शहराला पाणी देण्यासाठी उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) हे तलाव झाले. वरचे पाणी वर अडवले की खालचे गाव वाचते, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

तिसरा प्रहर: कोठी आणि सुलतान बाजार

पुढे अफजलगंजवरून कोठीला यावे. इथे इंग्रजांची रेसिडेन्सी होती. १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांनी तिच्यावर हल्ला केला होता. रेसिडेन्सीचा बाजार १९३३ पर्यंत इंग्रजांच्या अमलाखाली होता. त्यामुळे सभा-भाषणांना इथे थोडी मोकळीक मिळे.

शेवटचा मुक्काम जवळच जांबाग भागातली विवेकवर्धिनी. उर्दूचे राज्य असताना केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांसारख्यांनी मराठी मुलांसाठी उभी केलेली ही शंभर वर्षांहून जुनी संस्था. पुढे १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह झाला, स्वामी रामानंद तीर्थांनी तुरुंगवास सोसला आणि दहा वर्षांनी आपण मोकळे झालो.

त्या फाटकापाशी बसून वडिलांनी आम्हाला प्रथमच सांगितले की अठ्ठेचाळीस साली ते दोन रात्री आईसोबत ज्वारीच्या फडात लपून होते. घरी इतक्या वर्षांत हे कधी निघाले नव्हते. माझ्या मुलीने ते तिथेच वहीत लिहून घेतले.

थोडक्यात

सगळी वाट वळणांसह चार-पाच किलोमीटर भरते. म्हाताऱ्यांना मधल्या टप्प्यात ऑटोत बसवावे. पायात मळलेल्या चपला, सोबत पाणी आणि दशम्या असाव्यात. ठिकाणे सहा-सातच धरावीत. एखादे सुटले तरी चालेल, पण थकलेल्या माणसाला ओढत नेऊ नये.

आमची ती वही आता त्या उर्दू कागदासोबत पेटीत आहे. कागदावर काय लिहिले आहे, हे आता घरातल्या सगळ्यांना माहीत आहे.